बालमनाच्या अभ्यासक्रमात जात कुठे आहे?

चिकित्सा मानसशास्त्र, ज्याला सगळे क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतात, त्याचे भारतातील शिक्षण सध्या मुळापासून बदलते आहे आणि या बदलाची खबर आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही. एम.पी.एस.सी.ची जाहिरात लांबली की आमची पोरे रस्त्यावर येतात, ते योग्यच आहे. शिष्यवृत्ती थकली की समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा जातो, तोही गेलाच पाहिजे. पण मुलाच्या बुद्धीवर आणि मनावर कागदोपत्री शिक्का मारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी काय शिकावे आणि कोणी शिकावे हे दिल्लीत ठरत असताना चळवळीने त्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. या देशात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याचा रूढ मार्ग असा होता : मानसशास्त्रात एम.ए. करायचे, त्यानंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. करायची. ही एम.फिल. ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिण्याची नव्हे. रुग्णालयात राबायचे, रुग्ण तपासायचे, कसोट्या घ्यायच्या, उपचार करायचे आणि हे सगळे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. ही परिषद १९९२ च्या कायद्याने उभी राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा स्पष्ट उल्लेख आहे. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम काढून एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली! कायद्याच्या व्याख्येत असलेली पदवी आयोगाने रद्द केली हे उशिरा ध्यानात आल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये या एका विषयाला आणि मनोविकार सामाजिक कार्याला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली. एम.फिल.च्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमांची मांडणी याच काळात चालू झाली. पाटी कोरी असताना तिच्यावर काय लिहायचे हे विचारण्याची संधी पुन्हा पुन्हा येत नाही.

आम्ही येथे फक्त मुलांपुरते बोलणार आहोत. हे शास्त्र जन्मले तेच एका मुलाच्या निमित्ताने. १८९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले, तेव्हा त्यांच्याकडे पहिला आला तो शब्दांचे स्पेलिंग न जमणारा एक शाळकरी मुलगा. पुढे तिथे बालकांसाठी वेगळे प्रशिक्षण हवे हा विचार रुजला. १९८५ साली हिल्टन हेड येथे केवळ याच प्रश्नावर राष्ट्रीय परिषद भरली आणि १९९८ साली बाल-चिकित्सा मानसशास्त्राला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आमच्याकडे पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत पुनर्वासाच्या नाना पेशांचे रकाने आहेत, बालकांच्या मानसशास्त्रज्ञाचा वेगळा रकाना नाही. मुलांचे शिक्षण हा एकूण प्रशिक्षणातला एक तुकडा. ज्या संस्थेत बालविभाग चांगला तिथला विद्यार्थी बरे शिकतो. जिथे नाही तिथला विद्यार्थी मोठ्यांचे आजार पाहून बाहेर पडतो आणि नंतर सहा वर्षांच्या पोराच्या अहवालावर सही करतो.

या सहीचे मोल काय असते हे गरिबाला विचारा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. कागदावर जिल्ह्याच्या पथकात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन पाहा. रोजंदारी बुडवून आलेली आई बाकावर बसलेली असते. पोरगं वर्गात बोलत नाही, वाचत नाही, शाळेत जायचे म्हटले की पोटात दुखते म्हणते. मास्तरांनी सांगितले, तपासून आणा. आत बोलावणे येते. घरी अभ्यास कोण घेते, टीव्ही किती पाहतो, बाप पितो का, असे प्रश्न होतात. मग कसोटी होते आणि एक आकडा निघतो. तो आकडा त्या मुलाच्या फायलीत जन्मभर राहतो. दिव्यांगत्वाचा दाखला मिळायचा की नाही, शाळेने त्याला पुढे घ्यायचे की ‘याला जमणार नाही’ म्हणून मागच्या बाकावर सोडायचे, हे त्या आकड्यावर ठरते.

आता हा आकडा येतो कुठून ते पाहू. भारतात बुद्ध्यांक मोजण्यासाठी दोन जुन्या कसोट्यांचा फार वापर झाला. एक बिने-कामत. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागातील कानडी आणि मराठी मुलांवर ती प्रमाणित केली. दुसरी मालिन यांची, १९६९ सालची, अमेरिकन कसोटीवरून बेतलेली आणि आमच्या नागपुरात तयार झालेली. प्रमाणित करणे म्हणजे काय? ठरावीक मुलांची परीक्षा घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि मग जगातल्या बाकी मुलांना त्या सरासरीच्या फुटपट्टीने मोजायचे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्याच इलाख्यात १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे सदस्य होते, आणि १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत कसे वागवले जाते याचा पाढा वाचलेला आहे. ज्या काळी आमची पोरे वर्गाच्या बाहेर, ओट्याखाली बसत होती, त्या काळी वर्गात बसलेल्या पोरांची सरासरी ही ‘सर्वसाधारण बुद्धी’ ठरली! कामतांनी त्या काळात कष्टाचे काम केले, त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. फुटपट्टी कोणाच्या उंचीवरून कापली, एवढेच विचारतो. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण हा प्रश्न प्रशिक्षणार्थ्याने विचारावा अशी तालीम त्याला कधी दिली जात नाही. त्याला कसोटी घ्यायला शिकवतात, गुण मांडायला शिकवतात.

आणि फुटपट्टी नवी असली तरी भागत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला, तो २००४ साली जागतिक बँकेच्या शोधनिबंधात प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील ६४२ मुलगे घेतले, निम्मे वरच्या जातींचे, निम्मे खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे. त्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या तुकड्यांत सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली, आणि मग तीच कोडी दिली. खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. पोरे तशीच, मेंदू तसेच, कोडीही तीच. वाचकहो, हा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या महिन्यात शिकवला गेला पाहिजे, कारण जिल्हा रुग्णालयाच्या खोलीत मुलाचे आडनाव मोठ्याने पुकारले जाते आणि लगेच कसोटी सुरू होते.

यावर एक चतुर उत्तर तयार असते. ते म्हणतात, बघा, जातीचा उच्चार केला की मुलाचे नुकसान होते. म्हणून तर आम्ही जात विचारत नाही. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. चारचौघांत जात पुकारणे वेगळे आणि बंद खोलीत, विश्वास मिळवून, ‘शाळेत तुला कोणी काही म्हणते का, पाणी कुठे पितोस, जेवायला कोणाशेजारी बसतोस’ असे विचारणे वेगळे. लैंगिक अत्याचाराबाबत मुलाशी कसे बोलावे हेही एकेकाळी कोणाला ठाऊक नव्हते. २०१२ साली पॉक्सो कायदा आला आणि त्याबरोबर मुलाला कसे विचारावे, काय विचारू नये, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कसा लावावा याची तालीम द्यावी लागेल हे सर्वांनी मान्य केले. तिथे कोणी म्हणत नाही की विषय नाजूक आहे म्हणून टाळा. जातीच्या जखमेविषयी विचारण्याचेही कसब असते आणि कसब देखरेखीखाली शिकावे लागते. प्रशिक्षण म्हणतात ते यालाच.

जात या शास्त्राच्या कागदांत अगदीच नाही असेही नाही, आणि ती जिथे आहे तिथे कशी आहे हे पाहण्यासारखे आहे. रुग्णाची सामाजिक-आर्थिक पातळी ठरवण्यासाठी शहरात कुप्पुस्वामी मापनश्रेणी वापरतात. तिच्यात शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न एवढेच आहे. ग्रामीण भागासाठी उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांची १९६४ सालची मापनश्रेणी प्रसिद्ध आहे. तिच्यात जात आहे! जमीन, घर, शेतीची साधने यांच्याबरोबर जातीलाही गुण आहेत. अनुसूचित जातीला सर्वांत कमी, म्हणजे १ आणि गावातल्या प्रभावी जातीला सर्वांत जास्त, म्हणजे ६. म्हणजे शहरी कागदावर जात गायब आणि ग्रामीण कागदावर ती उतरंडीसह, गुणांकनासह हजर. मनुस्मृतीचे दहन १९२७ साली झाले, पण मार्कांची पद्धत कोठे राहिली ते पाहा. जात ही मुलाला सोसावी लागणारी गोष्ट आहे, तिने त्याची झोप उडते, भूक जाते, जीभ जड होते, हे या दोन्ही कागदांत कोठेच बसत नाही.

सातारच्या शाळेतील एका मुलाची गोष्ट चळवळीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. तो गोणपाट घरून नेत असे, वर्गात वेगळा बसत असे आणि शिपाई हजर नसला तर त्याला तहानलेलेच राहावे लागे. १९०१ साली तो भावाबरोबर वडिलांना भेटायला निघाला, मसूरच्या स्टेशनवर उतरला, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि गाडीवान मिळेना. त्या प्रवासाची खूण मनातून कधी पुसली गेली नाही, असे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त स्वतः लिहून ठेवले आहे. समजा, त्या आठवड्यात त्या नऊ वर्षांच्या मुलाला आजच्या एखाद्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे नेले असते. केसपेपरवर काय आले असते? ‘मुलगा शांत. समवयस्कांत मिसळत नाही. प्रवासानंतर झोप कमी. शाळेविषयी नाखुशी. पालकांना समुपदेशन द्यावे.’ यातला एक शब्दही खोटा नसता आणि तरी सगळा कागद खोटा ठरला असता.

अशा कागदांविरुद्ध अमेरिकेत एक बाई उभी राहिली, तिची कथा आमच्या वाचकांना ठाऊक असायला हवी. मेमी फिप्स क्लार्क. आर्कान्सामधल्या कृष्णवर्णीय कुटुंबातली मुलगी. तिने बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठातून १९४३ साली मानसशास्त्रात पीएच.डी. घेतली. तिचा मार्गदर्शक हेन्री गॅरेट. हा मनुष्य मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेचा १९४६ सालचा अध्यक्ष आणि वंशभेदाचा कट्टर समर्थक. पीएच.डी. हाती असूनही मेमीला मनाजोगे काम मिळेना. मग तिने आणि तिचे पती केनेथ क्लार्क यांनी १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी स्वतःचे केंद्र काढले, नॉर्थसाइड. शाळांनी ‘मंदबुद्धी’ म्हणून शिक्का मारलेली कृष्णवर्णीय मुले तिथे पुन्हा तपासली गेली आणि कितीतरी शिक्के चुकीचे निघाले. याच दांपत्याने बाहुल्यांचा प्रयोग केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती असे विचारले. पुष्कळ काळ्या मुलांनी काळी बाहुली वाईट म्हणून दाखवली. १९५२ साली व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला आणि त्याला उत्तर द्यायला त्याचीच विद्यार्थिनी मेमी क्लार्क साक्षीला आली. (त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. देऊन गौरवले. एकाच विद्यापीठाच्या छताखाली काय काय नांदत होते!) १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा आधार होता.

तिथे हे आपोआप झाले नाही. १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची संघटना काढली. १९७९ साली कॅलिफोर्नियात लॅरी पी. खटल्याचा निकाल लागला आणि बुद्ध्यांक कसोट्यांच्या जोरावर काळ्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात ढकलणे न्यायालयाने बंद केले. बहुसांस्कृतिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे संघटनेने २००२ मध्ये स्वीकारली. मानसशास्त्राने वंशवाद पोसला याबद्दल त्या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. आमच्याकडे माफी दूरच, प्रश्नही मांडला जात नाही.

अभ्यासक्रमात ‘सांस्कृतिक घटक’ आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत. संस्कृती म्हटली की योग, गीता, गुरु-शिष्य नाते, एकत्र कुटुंब. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने भारतीय ज्ञान परंपरेला किमान ५ टक्के श्रेयांक देण्याचे मार्गदर्शनही केले आहे. भारतीय परंपरा शिकवायची तर जरूर शिकवा. मनाचा सर्वांत बारीक अभ्यास या भूमीत तथागताने केला, तो शिकवा. आणि त्याच परंपरेत जात येत नाही काय? की ती परदेशातून आली?

आता दुसरा आणि आमच्या मते अधिक अवघड प्रश्न : हे शिकणार कोण? शिक्षकसंख्येवर जागा ठरतात, त्यामुळे जागा मोजक्या. बंगळुरूचे निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय संस्था अशा केंद्र सरकारच्या संस्थांत आरक्षण आहे, विद्यावेतनही आहे. पण तिथे एकेका जागेसाठी देशभरातून झुंबड. बाकीचा मोठा हिस्सा खासगी विद्यापीठांचा आणि तिथले शुल्क लाखांच्या घरात. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही आरक्षणाची वाट मोकळी केली होती. केंद्राने २००६ साली कायदा केला तो मात्र केंद्रीय संस्थांपुरता. एम.ए. होईपर्यंत आमच्या मुलीचे वय तेवीस-चोवीस होते. घरचे म्हणतात, आता कमव. पुढे आणखी दोन वर्षे पूर्णवेळ, नोकरी करता येत नाही, वर लाखांचे शुल्क. ती बी.एड.कडे वळते किंवा समुपदेशनाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेते आणि ज्या पेशात तिची सर्वांत जास्त गरज होती त्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. नव्या रचनेत अभ्यासक्रमाची वर्षे आणि नावे बदलतील, पण पैशाचा उंबरठा तोच राहिला तर आमच्यासाठी काहीच बदलत नाही.

यात एक धोकाही आम्हाला दिसतो. मुदत कमी करण्याच्या नावाखाली रुग्णांसोबतचे, देखरेखीखालचे तास कापले गेले तर अर्धवट शिकलेले लोक सर्वांत आधी आमच्याच जिल्ह्यांत पाठवले जातील. पुण्या-मुंबईच्या श्रीमंत आईबापांना दुसरा, तिसरा सल्ला घेता येतो. गडचिरोलीच्या आईला एकच खोली ठाऊक असते. म्हणून प्रवेश सोपा करा आणि तालीम मात्र कडक ठेवा, असे आमचे मत आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. आश्रमशाळा, समाजकल्याण वसतिगृहे, झोपडपट्टीतील महापालिका शाळा येथे हीच मुले आहेत. बालकांच्या प्रशिक्षणाचे तास याच ठिकाणी का होऊ नयेत? शहरातल्या वातानुकूलित चिकित्सालयात खेळणी मांडून बसलेल्या विद्यार्थ्याने निदान काही महिने मेळघाटच्या आश्रमशाळेत काढावेत. घरी कोरकू बोलणारे पोर मराठी कसोटीत गप्प बसते तेव्हा तो आजार असतो की भाषा, हे त्याला तिथे शिकता येईल. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी बोलणाऱ्या मुलांना पुण्याच्या मराठीत प्रश्न विचारून काढलेला बुद्ध्यांक कोणत्या कामाचा? २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. तो शाळेत शिकत होता. त्याच्याबरोबर बाकावर बसणाऱ्या मुलांच्या मनाचे पुढे काय झाले? अत्याचारानंतर गावात पोलीस जातात, तहसीलदार जातो, पुढारी जातात. बालमनाचा जाणकार त्या यादीत असावा, आणि काय करायचे ते शिकून आलेला असावा.

२०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये मानसिक आजारी माणसाला जातीच्या आधारे भेदभाव न करता वागवण्याची हमी आहे. त्या कलमाचा अर्थ प्रशिक्षणार्थ्याला कोण शिकवणार, हे अभ्यासक्रमात लिहावे लागेल. जातीवरचे प्रकरण ऐच्छिक नको, मुख्य प्रश्नपत्रिकेत हवे. त्यावर देखरेखीखाली हाताळलेल्या मुलांच्या केसेस तोंडी परीक्षेत मांडाव्या लागाव्यात. कसोटी कोणत्या समाजातील किती मुलांवर प्रमाणित झाली हे अहवालात नमूद करणे बंधनकारक व्हावे. आणि बार्टी जशी संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देते, तसे या पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी शुल्क आणि विद्यावेतन दोन्ही देणारी योजना राज्याने काढावी. मुलगा किंवा मुलगी शिकून आल्यावर पाच वर्षे आपल्या जिल्ह्यात काम करील, अशी अट घातली तरी आमची हरकत नाही.

आमच्या विद्यार्थी संघटनांना, शिक्षक संघटनांना आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना आम्ही सांगतो की पुनर्वास परिषदेला, विद्यापीठ अनुदान आयोगाला आणि राज्याच्या सामाजिक न्याय विभागाला याच महिन्यात लेखी निवेदने द्या. प्रत्येक निवेदनात आपापल्या तालुक्यातल्या शाळा, वसतिगृह आणि जिल्हा रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाचे पद भरले आहे की रिकामे, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवून जोडा. तिथे एम.फिल.च्या जुन्या जागा किती होत्या, त्यांतल्या किती अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी भरल्या, हेही परिषदेला विचारा. अर्ज करायला दहा रुपये लागतात.